कुंदनलाल सैगलांच्या गाण्यांचे संच: निवड, खरेदी, ऐकणं आणि जपणूक (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सैगलांचे संच बाजारात उदंड आहेत, आणि बहुतेकांवर तीच ती पंधरा-वीस गाणी फिरत असतात. कव्हरवर गाण्यांचा आकडा मोठ्या अक्षरात असतो. ते गाणं ग्रामोफोनच्या कोणत्या तबकडीवरून घेतलं, कोणत्या वेगाने वाजवलं, किती 'साफ' केलं, हे मात्र क्वचितच छापलेलं असतं. संचाची किंमत खरं तर यावरच ठरायला हवी. पुण्यातल्या रसिकांना नेहमी पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरं त्याच अंगाने खाली दिली आहेत.

सैगलांची एकूण गाणी किती? सगळी एका संचात मिळतात का?

रूढ गणनेनुसार १८५. त्यांपैकी १४२ चित्रपटांतली आणि ४३ चित्रपटाबाहेरची. चित्रपटगीतांत हिंदी ११०, बंगाली ३० आणि तमिळ २. बाहेरच्या ४३ मध्ये हिंदी-उर्दू ३७, आणि बंगाली, पंजाबी व फारसी प्रत्येकी २. कोणत्याही संचावर 'संपूर्ण सैगल' असं लिहिलेलं दिसलं की आधी बंगाली गाणी मोजा. ती नसतील तर तो संच फार तर १५३ गाण्यांचा आहे.

मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीची एक बाजू सव्वातीन मिनिटांच्या आसपास संपते. म्हणजे ७४ मिनिटांच्या एका सीडीवर साधारण २२ गाणी बसतात आणि सगळ्या सैगलसाठी आठ-नऊ सीडी लागतात. एलपीवर (मिनिटाला ३३ फेऱ्यांची मोठी तबकडी) एका बाजूला सहा धरली तर पंधरा-सोळा एलपी होतील. याउलट १२८ केबीपीएसच्या एमपीथ्री सीडीवर सगळी १८५ गाणी एकाच चकतीत मावतात. म्हणूनच पदपथावर ती स्वस्तात मिळते. सोयीची आहे, पण त्या दर्जात आवाजाची वरची किनार बोथट होते आणि तबकडीच्या खरखरीला एक पाणचट, बुडबुडल्यासारखा पोत येतो. कोणती गाणी आवडतात हे ठरवण्यापुरती ती घ्यायला हरकत नाही.

पहिल्यांदाच घ्यायचा आहे. नेमका कोणता?

वीस-बावीस गाण्यांचा एक किंवा दोन सीडींचा संच पुरे, पण त्यात तिन्ही सैगल असले पाहिजेत. पहिला कलकत्त्याचा, न्यू थिएटर्स या चित्रपट कंपनीतला: 'चंडीदास' (१९३४), 'देवदास' (१९३५), 'प्रेसिडेंट' (१९३७), 'स्ट्रीट सिंगर' (१९३८), 'जिंदगी' (१९४०). दुसरा चित्रपटाबाहेरचा, म्हणजे गालिबच्या गझला आणि भजनं. तिसरा मुंबईचा: 'भक्त सूरदास' (१९४२), 'तानसेन' (१९४३), 'शाहजहाँ' (१९४६). 'मेरी बहन' (१९४४) मधली अधली. तोवर सैगल मुंबईला आले होते, पण चित्रपट न्यू थिएटर्सचा आणि संगीत पंकज मलिकांचं.

बहुतेक 'सर्वोत्तम' संचांत तिसरा भाग भरपूर, पहिला जेमतेम आणि दुसरा नावालाच असतो. आमच्या मते सैगलांचं सगळ्यात मोठं काम गझलांत आहे. 'आह को चाहिए इक उम्र' किंवा 'इश्क मुझको नहीं' ऐकताना ताना-हरकतींचा सोस कुठेच दिसत नाही. शब्द उच्चारतानाच सूर लागत जातो. म्हणून दोन संचांत निवड करायची वेळ आली तर गैरफिल्मी गाणी जास्त असलेला उचला. 'दर्दभरे नगमे' छापाचे संच टाळा, त्यांत एका मूडची गाणी ओळीने लावलेली असतात आणि 'एक बंगला बने न्यारा' मधला मोकळा, खुशीतला सैगल बाहेर राहतो.

यादी वाचताना एक लक्षात ठेवा. 'मेरी बहन' आणि 'माय सिस्टर' हा एकच चित्रपट. दोन संचांवर दोन नावं पाहून ती वेगळी गाणी समजू नका. शिवाय द्वंद्वगीतं बऱ्याचदा सहगायिकेच्या नावाखाली गेलेली असतात. उमाशशींबरोबरचं 'प्रेमनगर में बनाऊंगी घर मैं' किंवा खुर्शीदबरोबरचं 'चांदनी रात और तारे खिले हों' मिळत नसेल तर त्यांच्या नावाने शोधा. 'शाहजहाँ' मधलं 'रूही रूही' मात्र अवश्य घ्या, त्याच्या कोरसात तरुण मोहम्मद रफींच्या ओळी आहेत.

एकाच गाण्याची दोन रूपं ऐकू येतात. खरं कोणतं?

दोन्ही खरी. त्या काळात चित्रपटाच्या ध्वनिपट्टीवरचं गाणं आणि तबकडीवरचं गाणं बहुधा वेगवेगळं मुद्रित होई. तबकडीची वेळ ठरलेली, त्यामुळे कडवं गाळलेलं किंवा लय थोडी चढी, वाद्यमेळ वेगळा. ध्वनिपट्टीवर संवाद, पावलांचे आवाज आणि दालनाचा घुमारा येतो.

'स्ट्रीट सिंगर' मधली 'बाबुल मोरा' ही भैरवी हे याचं ठळक उदाहरण. १९३५ पासून न्यू थिएटर्समध्ये पार्श्वगायन सुरू झालेलं असतानाही सैगलांनी हे गाणं पडद्यासाठी रस्त्यावर चालत, प्रत्यक्ष गात मुद्रित केलं. तबकडीवरचं गाणं स्टुडिओतलं. चित्रपटातल्या प्रतीत सूर जवळ-दूर होतो, तबकडीवर तो माइकपाशी स्थिर आहे. अभ्यासायला दोन्ही हवीत. संचावर 'ध्वनिपट्टीवरून' किंवा 'तबकडीवरून' असं लिहिलेलं असेल तर तो संच जाणत्या माणसाने केलेला आहे असं खुशाल समजा.

काही सीडींवर आवाज बारीक आणि घाईचा वाटतो. का?

तबकडी चुकीच्या वेगाने वाजवून प्रत केली आहे. सैगलांच्या संचांतला हा सगळ्यात जास्त आढळणारा दोष आहे, आणि याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

७८ हा ठोकळ आकडा आहे. ५० हर्ट्झच्या विजेवर चालणाऱ्या यंत्राचा प्रमाण वेग ७७.९२ आणि ६० हर्ट्झवर ७८.२६. एवढा फरक कानाला कळत नाही. पण एक फेरा चुकला की सूर २२ सेंट सरकतो, म्हणजे अर्ध्या स्वराचा जवळजवळ पाव हिस्सा. ७८ ची तबकडी ८० ने वाजवली तर ४४ सेंट. तिथे षड्ज दोन पट्ट्यांच्या मधे लटकतो आणि सैगलांच्या खर्जाचा भारदस्तपणा जातो. तीन मिनिटं वीस सेकंदांचं गाणं तीन पंधरात संपतं. दोन संचांवर त्याच गाण्याची वेळ पाच-सहा सेकंदांनी वेगळी दिसली आणि सुरुवात-शेवट कापलेला नसेल, तर एकाचा वेग नक्की चुकलेला आहे.

तपासायला घरातली पेटी घ्या. गाण्याचा षड्ज शोधा. तो काळी एक आणि पांढरी दोनच्या बरोबर मधे येत असेल तर संशय घ्या. मात्र लगेच निकाल देऊ नका. त्या काळातल्या पेट्या आजच्या प्रमाण स्वराला लावलेल्या असतीलच असं नाही. एकाच चित्रपटाची, एकाच सुमाराची तीन-चार गाणी तपासा. सगळी सारख्याच अंतराने सरकलेली असतील तर वाद्यं तशी लावलेली असण्याचा संभव जास्त. एकच गाणं वेगळं पडत असेल तर प्रत करताना वेग चुकला आहे.

खरखर पूर्ण काढलेली प्रत घ्यावी की तशीच ठेवलेली?

थोडी खरखर राहिलेली. तबकडीच्या लाखेतच पाटीच्या दगडाची पूड घातलेली असते, त्यामुळे सुईखाली सळसळ येणारच. ती काढणारं सॉफ्टवेअर सळसळीबरोबर त्याच पट्टीतले आवाजही उचलतं: 'स' आणि 'श' ची धार, श्वास, तंतुवाद्याची झिलई.

परीक्षेसाठी 'सो जा राजकुमारी' लावा. अंगाई आहे, आवाज अगदी हलका. ओळीचा शेवटचा सूर विरत जातो तिथे कान द्या. चांगल्या प्रतीत सूर सळसळीत हळूहळू मिसळतो. जास्त धुतलेल्या प्रतीत तो मधेच कापला जातो, दोन ओळींमध्ये एकदम ठार शांतता येते आणि पुढची ओळ सुरू होताना तिच्याबरोबर सळसळही परत उगवते. दुसरी खूण म्हणजे सैगलांच्या आवाजाभोवती घंटेसारखी बारीक किणकिण. या दोन्ही खुणा दिसल्या तर कव्हरवर 'डिजिटली रीमास्टर्ड' लिहिलेलं असो वा सोन्याचा शिक्का असो, तो संच परत ठेवा.

टकटक आणि फटफट हे वेगळे दोष आहेत. ते चरे आणि चिरांमुळे येतात आणि गाण्याला धक्का न लावता काढता येतात. ते तसेच ठेवलेले असतील तर मात्र संच करणाऱ्याने आळस केला आहे.

कव्हरवर 'स्टिरिओ' लिहिलं आहे. ते चांगलं ना?

सैगलांचं एकही गाणं स्टिरिओत मुद्रित झालेलं नाही. १८ जानेवारी १९४७ ला ते गेले, त्यानंतर बऱ्याच वर्षांनी स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या. त्यामुळे हे स्टिरिओ म्हणजे एकाच आवाजाचे दोन तुकडे: एका कर्ण्यात तीव्र, दुसऱ्यात खर्ज, वर घुमारा. हेडफोनवर गायक डोक्यात तिरका बसल्यासारखा वाटतो. भारतीय एचएमव्हीच्या जुन्या एलपींवर क्रमांकाआधी 'ईसीएलपी' असेल तर मोनो, 'ईसीएसडी' असेल तर स्टिरिओ. सैगलसाठी मोनो घ्या. स्टिरिओच हाती असेल तर अँप्लिफायरचं मोनो बटण दाबून ऐका, बराच फरक पडतो.

झंकार बीट्सवाले आणि नव्या वाद्यमेळावर चढवलेले संच विकत घेऊ नयेत. त्या गाण्यांतला ठेका मूळ लयीला खिळून बसतो आणि सैगल मुद्दाम मागे रेंगाळतात ती जागाच नाहीशी होते.

आवाज सैगलांचाच आहे हे कसं ओळखायचं?

नेटवरच्या फायलींत हा घोळ फार आहे. सी. एच. आत्मांचं 'प्रीतम आन मिलो', मुकेशचं 'पहली नजर' (१९४५) मधलं 'दिल जलता है', किशोरकुमारचं 'जिद्दी' (१९४८) मधलं 'मरने की दुआएं क्यूं मांगूं' ही तिन्ही गाणी सैगलांच्या नावावर सर्रास फिरतात. तिघेही तेव्हा सैगलांच्या ढंगात गात होते. 'जिद्दी' तर सैगल गेल्यानंतरचा आहे, त्यामुळे साल पाहिलं तरी उलगडा होतो. आवाजावरून ओळखायचं तर मुकेशच्या सुरात एक सानुनासिक ताण ऐकू येतो. सैगल खालच्या सुरांतही पूर्ण छातीतून, सैल गळ्याने गातात.

दुसरा घोळ नव्या आवाजातल्या संचांचा. कव्हरवर सैगलांचा फोटो आणि आत दुसऱ्याच गायकाने गायलेली 'श्रद्धांजली'. मागच्या बाजूला गायकाचं नाव बारीक अक्षरात असतं, ते वाचून मगच पैसे द्या.

जुन्या बाजारात ७८ च्या तबकड्या घेताना काय बघायचं?

मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. सकाळी लवकर जा, म्हणजे ढीग उन्हात तापण्याआधी हाती लागतो. बरोबर लहान टॉर्च, भिंग आणि मऊ कापड न्या.

तबकडी नेहमी कडा आणि लेबल धरून उचला. टॉर्च तिरपा धरला की चरे दिसतात. चर (सुई फिरते त्या खाचा) चकचकीत काळे असतील तर तबकडी कमी वाजलेली. राखाडी आणि पांढुरकी दिसत असेल तर ग्रामोफोनच्या जड साउंडबॉक्सच्या (पिन बसते त्या डबीच्या) पोलादी पिनांनी चरांच्या भिंती खरवडल्या आहेत. तो आवाज कोणत्याही उपायाने परत येत नाही. राखाडीपणा बहुधा मोठ्या आवाजाच्या जागी आधी येतो, म्हणून भिंगातून तारसप्तकाच्या ओळी जिथे असाव्यात तिथे पाहा.

मग तबकडी मधल्या भोकात बोट घालून तोला आणि कडेवर नखाने हलकेच टिचकी मारा. अखंड असेल तर खणखणते, केसासारखी चीर असेल तर बद्द वाजते. कडेचा टवका सुरुवातीच्या मोकळ्या चरांपर्यंतच असेल तर चालेल. चीर गाण्यात शिरली असेल तर प्रत्येक फेऱ्याला एक टक, मिनिटाला ७८.

लेबलवर बघायच्या गोष्टी: कंपनी, क्रमांक, चित्रपट, भाषा. सैगलांच्या सुरुवातीच्या तबकड्या कलकत्त्याच्या हिंदुस्थान रेकॉर्डच्या आहेत, १९३२ पासूनच्या. लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला किंवा उठवलेला मॅट्रिक्स क्रमांक उतरवून घ्या. लेबल बदललं, कंपनी बदलली, तरी तोच क्रमांक असेल तर मुद्रण तेच. दुसरी प्रत घेताना फसायचं नसेल तर हाच क्रमांक कामाला येतो.

किंमत विचारताना 'सैगल' हे नाव उच्चारू नका. ढिगातून चार-पाच तबकड्या काढून एकत्र भाव करा.

घरच्या रेकॉर्ड प्लेअरवर ७८ वाजेल का?

प्लेअरला ७८ चा वेग असेल आणि सुई बदलता येत असेल तर. एलपीच्या सुईचं टोक १८ ते २५ मायक्रॉनचं, ७८ ला सुमारे ७५ मायक्रॉनचं लागतं. एलपीची सुई ७८ च्या रुंद चरात घातली तर ती भिंतींना न टेकता तळाशी घासत जाते. तळाशी असतो कचरा, त्यामुळे गाणं लांब आणि घरघर जवळ असं ऐकू येतं, आणि सुईही लवकर झिजते. ७८ ची सुई एलपीवर तर चुकूनही नको. सुईचा दाब ७८ साठी कार्ट्रिजप्रमाणे (सुई बसते तो भाग) ३ ते ५ ग्रॅम, एलपीसाठी दीड ते अडीच.

नव्या प्लेअरांत बऱ्याचदा ३३ आणि ४५ एवढेच वेग असतात. तेव्हा योग्य सुई लावून ४५ वर मुद्रण करा आणि संगणकावर १.७३३ पट वेग वाढवा. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ४५ वरून ७८ असा तयार पर्याय आहे.

चावीच्या ग्रामोफोनवर ऐकायची हौस असेल तर एका पोलादी पिनेवर एकच बाजू वाजवा. एकाच पिनेवर अख्खा संच वाजवला की पिनेचं टोक पटाशीसारखं होतं आणि पुढची प्रत्येक तबकडी कापत जातं. दुर्मीळ तबकडी ग्रामोफोनवर लावूच नये.

तबकड्या धुवायच्या कशा?

लाखेच्या तबकडीला स्पिरिट, सॅनिटायझर, काच पुसायचा स्प्रे यांतलं काहीही लावू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एकदा पुसलं की चकाकी जाते आणि गाणंही. एलपी व्हिनाइलच्या असतात म्हणून त्यांना चालणारी द्रावणं सरसकट वापरली जातात, आणि सैगलांच्या कितीतरी तबकड्या अशाच वाया गेल्या आहेत.

बॅटरीवाल्याकडे मिळणारं डिस्टिल्ड वॉटर एक लिटर, त्यात सौम्य बेबी शांपूचे दोन-तीन थेंब. लेबलवर प्लॅस्टिकचं झाकण किंवा वाटी दाबून धरा. मऊ ब्रशने चरांच्या दिशेने गोल फिरवा, आडवं घासू नका. नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने धुऊन लगेच मायक्रोफायबरने टिपा आणि सावलीत उभी वाळवा. पाण्यात बुडवून ठेवायची नाही. नळाचं पाणी वाळल्यावर क्षार चरांत बसतात, आणि मग तेच टकटक करतात.

पुण्याच्या पावसाळ्यात बुरशी येते. काय करावं?

जुलै-ऑगस्टमध्ये कागदी पाकिटं सादळतात आणि तबकडीवर पांढऱ्या जाळीसारखी बुरशी धरते. ती लाखेवर नव्हे, बोटांच्या तेलकटपणावर आणि पाकिटाच्या खळीवर जगते. त्यामुळे पावसाळ्याआधी, मे महिन्यातच धुऊन, जुनी पाकिटं बदलून ठेवा. नवी पाकिटं आम्लमुक्त कागदाची. प्लॅस्टिकच्या घट्ट पिशव्यांत दमट हवा कोंडते.

कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, मधे चार बोटं जागा ठेवा. तबकड्या उभ्या आणि सरळ ठेवा. तिरप्या राहिल्या तर वाकतात, आडव्या रचल्या तर खालच्या फुटतात. दहा इंची तबकडी दोनशे ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे शंभर तबकड्यांचं ओझं वीस किलो. पातळ प्लायवुडची फळी एवढं पेलत नाही. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, निळ्याच्या गुलाबी झाल्या की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर तासभर तापवून पुन्हा वापरा. डांबरगोळ्या टाकू नका, त्यांची वाफ पृष्ठभागावर बसते. आणि एप्रिल-मेमध्ये खरेदी करून तबकड्या बंद गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका. लाख उष्णतेने मऊ पडते आणि तबकडी बशीसारखी होते.

घरी डिजिटल प्रत करायची पद्धत काय?

प्लेअर सपाट, पाणसळ लावून ठेवा. वेग तपासायला स्ट्रोबची, म्हणजे कडेने रेघा छापलेली, कागदी चकती प्लेअरवर फिरवा. आपल्या ५० हर्ट्झ विजेवर ७७ रेघांची चकती ७७.९२ ला स्थिर दिसते. ही चकती पिवळ्या बल्बखाली किंवा निऑनच्या दिव्याखाली धरावी लागते, बरेचसे एलईडी लुकलुकत नाहीत म्हणून त्यांच्या उजेडात रेघा कळत नाहीत.

९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ वेव्ह फाइल करा. एका मिनिटाला साधारण ३५ एमबी, म्हणजे एक गाणं ११५ एमबीच्या आसपास. आवाजाचं शिखर उणे ६ डेसिबलच्या खाली ठेवा. ही पहिली फाइल जशीच्या तशी जपून ठेवा आणि पुढचं सगळं काम तिच्या प्रतीवर करा. उद्या चांगली साधनं आली तर याच फाइलपासून सुरुवात करता येईल.

मूळ आवाज मोनो असूनही मुद्रण स्टिरिओ का? चराच्या दोन भिंती वेगळ्या झिजतात. एखादी भिंत फारच खराब असेल तर फक्त दुसरी घेता येते. दोन्ही ठीक असतील तर त्या एकत्र करून मोनो करा. सुईच्या वर-खाली हलण्यातून येणारा गोंगाट त्यातच बराच कटतो, कोणतंही सॉफ्टवेअर न वापरता.

मग टकटक काढा. मोठे टक हाताने, एकेक निवडून. सळसळ कमी करायची असेल तर गाण्याआधीच्या मोकळ्या चरांचा नमुना घ्या आणि ४ ते ६ डेसिबलवर थांबा.

शेवटी ईक्यू, म्हणजे खर्ज आणि तीव्र पट्ट्यांचा समतोल. इथे बहुतेकांची गाडी अडते. आजचे फोनो प्रीअँप (प्लेअरचा क्षीण आवाज वाढवणारी यंत्रं) १९५४ मध्ये रूढ झालेल्या आरआयएए वक्राप्रमाणे, म्हणजे कोणती पट्टी किती उठवायची आणि दाबायची याच्या प्रमाणाने, चालतात. त्यात १० किलोहर्ट्झला १३.७ डेसिबल इतकी तीव्र पट्टी दाबली जाते आणि खर्जाचं वळण ५०० हर्ट्झपासून सुरू होतं. सैगलांच्या काळातल्या तबकड्यांना तीव्र पट्टीची अशी चढण दिलेलीच नव्हती आणि खर्जाचं वळण २५०-३०० च्या आसपास होतं. त्यामुळे साध्या प्रीअँपवरून ७८ घेतली की सैगल कांबळ्याआडून गाताहेत असं वाटतं: वरचं गायब, खालचं पाच-सहा डेसिबल जास्त. ऑडॅसिटीच्या फिल्टर कर्व्हमध्ये उलटा वक्र लावून हे सरळ करता येतं. 'सैगलांचा आवाज जुन्या रेकॉर्डवर दबकाच येतो' हा समज याच चुकीतून पसरला आहे. त्यांच्या सगळ्या तबकड्या माइकवर, विजेच्या यंत्रणेने मुद्रित झालेल्या आहेत आणि नीट वाजवल्या तर 'ह' चा श्वासही ऐकू येतो.

जपायची प्रत फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता लहान होणारी फाइल), फोनवर ऐकायची एमपीथ्रीत. नाव देताना गाण्याचे पहिले शब्द, चित्रपट, साल, संगीतकार, तबकडी क्रमांक, मॅट्रिक्स क्रमांक आणि 'तबकडी' की 'ध्वनिपट्टी' एवढं लिहा. दोन प्रती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, त्यातली एक दुसऱ्या घरात.

जुन्या कॅसेट वाजवून बघाव्यात का?

लगेच नाही. वर्षानुवर्षं पडून असलेली फीत एकमेकीला चिकटलेली असते. आधी पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळा. फितीमागची फेल्टची लहान गादी गळून पडलेली असते, तसं असेल तर आवाज दबका आणि डळमळता येतो. पाच स्क्रूंचं कवच असलेली एखादी फालतू कॅसेट उघडून त्यात रिळं हलवली की काम होतं. डेकचं हेड आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तरीही आवाज बोथट असेल तर हेडच्या बाजूचा लहान स्क्रू अगदी किंचित फिरवून 'स' सर्वांत स्पष्ट येतो तिथे थांबा.

ज्या गाण्यांच्या तबकड्या किंवा चांगल्या सीडी मिळतात त्यांच्यासाठी एवढा खटाटोप करू नका. रेडिओवरून उतरवलेल्या कॅसेट मात्र जरूर वाचवा. रेडिओ सिलोनवर सकाळी आठच्या आधी जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमाचा शेवट सैगलांच्या गाण्याने होई. तिथे लावलेल्या काही तबकड्या आज कुठल्याच संचात नाहीत, आणि निवेदनासह त्या कोणाच्या तरी माळ्यावर पडून आहेत.

या गाण्यांचे हक्क संपले आहेत ना? मग यूट्यूबवर टाकता येतील?

अर्धं उत्तर हो. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. १९४७ पर्यंत प्रकाशित झालेल्या मुद्रणांचा हक्क २००७ अखेर संपला. त्यामुळेच एवढ्या वेगवेगळ्या कंपन्यांचे संच निघतात.

शब्द आणि चाल यांचा हिशेब वेगळा: कवी किंवा संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. खेमचंद प्रकाश १९५० मध्ये गेले, त्यांच्या चालींची मुदत संपली. पंकज मलिक १९७८ मध्ये गेले, म्हणजे २०३८ अखेरपर्यंत. रायचंद बोराल १९८१, म्हणून २०४१. नौशाद २००६, म्हणजे २०६६. घरी ऐकण्यासाठी प्रत करायला अडचण नाही. सार्वजनिक ठिकाणी टाकायचं असेल तर गाण्यागणिक बघावं लागतं. कव्हरची चित्रं आणि आतला मजकूर यांचे हक्क निराळे, ते स्कॅन करून लावू नका.

सैगल पुण्याच्या प्रभातमध्ये होते का? मराठीत गायले का?

नाही. प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्याला आली तेव्हा सैगल कलकत्त्याला न्यू थिएटर्समध्ये होते, आणि १९४१ च्या अखेरीपासून मुंबईत. प्रभातच्या एकाही चित्रपटात ते नाहीत. 'सैगलांचं मराठी गाणं' म्हणून फिरणाऱ्या फायलींवर विश्वास ठेवू नका.

ध्वनिपट्टीवरची मूळ रूपं ऐकायची असतील तर पुण्यात सोय आहे?

लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासून. अभ्यासासाठी अर्ज करून आणि शुल्क भरून चित्रपट पाहता येतात, ग्रंथालयात जुन्या गाण्यांच्या पुस्तिकाही आहेत. जाण्याआधी चित्रपटाचं नाव, साल आणि भाषा कळवून प्रत उपलब्ध आहे का ते विचारा. न्यू थिएटर्सचे बरेच चित्रपट हिंदी आणि बंगाली दोन्हींत निघाले. 'प्रेसिडेंट' चा बंगाली अवतार 'दीदी', 'स्ट्रीट सिंगर' चा 'साथी'. पुस्तिका पाहताना गाण्याचे पूर्ण शब्द उतरवून घ्या, मग तबकडीवर कोणतं कडवं गाळलं ते लगेच सापडतं.

घरातल्या तबकड्या द्यायच्या आहेत. कशा द्याव्यात?

आधी यादी: लेबल, क्रमांक, दोन्ही बाजूंची गाणी, अवस्था. मग प्रत्येक लेबलचा फोटो. यादीशिवाय दिलेला साठा भंगारात वजनावर जातो. सैगलांच्या तबकड्या वेगळ्या काढून विकल्या आणि उरलेल्या टाकून दिल्या असं करू नका, त्याच खोक्यात बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर, मास्टर कृष्णराव असण्याचा संभव पुण्याच्या घरात फार असतो. बांधताना तबकड्या उभ्याच ठेवा, प्रत्येक दहांमागे जाड पुठ्ठा, एका खोक्यात पंचवीसहून जास्त नकोत. खोक्यावर 'उभं ठेवा' असं चारही बाजूंनी लिहा, आणि यादीची एक प्रत आत, एक स्वतःजवळ.